तार आधीचीच, ओझे नवे

वीजवाहिनीवरील ब्रॉडबँड हे तंत्र भौतिकशास्त्रातील एका जुन्या गोष्टीवर उभे आहे. एकाच तारेतून वेगवेगळ्या वारंवारतांचे दोन प्रवाह एकाच वेळी वाहू शकतात आणि दुसऱ्या टोकाला ते पुन्हा वेगळे काढता येतात. भारतातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. माहिती वाहणारा संदेश साधारण २ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे विजेच्या चाळीस हजार ते सहा लाख पट वारंवारतेवर असतो. दोहोंत इतके अंतर असल्यामुळे एक कपॅसिटर आणि एक कॉइल एवढ्या साहित्यावर त्यांची फारकत करता येते. कपॅसिटर उच्च वारंवारतेला वाट देतो आणि ५० हर्ट्झला अडवून धरतो. कॉइल नेमके याच्या उलट वागते.

या तंत्राचे सगळे आकर्षण एका वाक्यात मावते : तार आधीपासूनच आहे. टेलिफोन किंवा केबल जिथे गेलेली नाही तिथेही वीज गेलेली असते, आणि घरात तर ती खोलीखोलीत पोचलेली असते. रस्ता खोदायला नको, खांब उभारायला नकोत, पालिकेची परवानगी नको. १९९७ पासून पुढची दहा-बारा वर्षे याच युक्तिवादावर युरोप-अमेरिकेतील वीजकंपन्यांनी आणि गुंतवणूकदारांनी मोठा पैसा लावला, आणि बहुतेक ठिकाणी तो बुडाला. हेच तंत्र पुढे कोणी फारशी जाहिरात न केलेल्या जागी मात्र कोट्यवधी घरांत पक्के बसले. अपयश आणि यश या दोहोंची कारणे तारेच्या स्वभावात आहेत.

वीजतारेवरून निरोप धाडण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीइतकी जुनी आहे. अमेरिकी लष्कराच्या संदेशवहन विभागातील अधिकारी जॉर्ज ओवेन स्क्वायर यांनी १९१० च्या सुमारास तारेवर उच्च वारंवारतेची वाहकलहर चढवून एकाच तारेतून अनेक संभाषणे नेण्याचे तंत्र दाखवून दिले. १९२० च्या दशकात त्याच तंत्राने न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर विजेच्या तारांतून घरोघरी संगीत पोचवण्याचा धंदा करून पाहण्यात आला. रेडिओ स्वस्त झाला आणि तो धंदा टिकला नाही. तो चालवणाऱ्या कंपनीने मग १९३४ मध्ये म्युझॅक हे नाव घेतले आणि पुढे हॉटेले व कचेऱ्यांना पार्श्वसंगीत पुरवून ती जगभर माहीत झाली. युरोपातील वीजकंपन्यांनी याहून साधा मार्ग धरला. मुख्य वीजप्रवाहावर काही शे हर्ट्झचा एक हलका सूर चढवायचा आणि त्या सुराने गावभरचे पाणी तापवण्याचे बंब किंवा रस्त्यांवरचे दिवे एकदम चालू-बंद करायचे. फ्रान्समध्ये या सुराची वारंवारता १७५ हर्ट्झ होती. रात्रीचा स्वस्त दर सुरू झाला की तो सूर वाजे आणि लाखो घरांतले बंब आपोआप सुरू होत. घराकडून उत्तर येण्याची सोय नव्हती, तशी गरजही नव्हती.

भारतात या घराण्यातले सर्वांत परिचित तंत्र म्हणजे उच्चदाब वाहिन्यांवरील पॉवर लाइन कॅरियर कम्युनिकेशन. उपकेंद्रांतील कर्मचारी त्याला नुसते ‘पीएलसीसी’ म्हणतात. १३२, २२० किंवा ४०० केव्हीच्या कोणत्याही जुन्या उपकेंद्राच्या यार्डात वाहिनी जिथे आत शिरते तिथे ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे, पिंपासारखे जाडजूड वेटोळे टांगलेले किंवा उभे केलेले दिसते. हा वेव्ह ट्रॅप. वाहिनीचा सगळा प्रवाह त्याच्यातूनच जातो, म्हणून त्याचा बांधा एवढा दणकट. त्याच्याशेजारी चिनी मातीच्या उंच खांबात कपलिंग कपॅसिटर असतो.

या जोडीचे काम आकड्यांत पाहण्याजोगे आहे. १ मिलिहेन्रीचा वेव्ह ट्रॅप ५० हर्ट्झच्या विजेला जेमतेम ०.३ ओहमचा अडथळा करतो. विजेला तो जाणवतही नाही. १०० किलोहर्ट्झच्या संदेशाला मात्र तोच ट्रॅप सुमारे ६३० ओहमची भिंत होतो आणि संदेश उपकेंद्राच्या बसबारमध्ये शिरून विरत नाही. ४,४०० पिकोफॅरडच्या कपॅसिटरचे उलटे : ५० हर्ट्झला सव्वासात लाख ओहमच्या जवळपास अडथळा, तर १०० किलोहर्ट्झला साडेतीनशेच्या आसपास. त्यामुळे लाखो व्होल्टची वाहिनी वर आणि टेबलावरचे दूरध्वनीयंत्र खाली, तरी दोघांचा संबंध फक्त संदेशापुरता राहतो. साधारण ५० ते ५०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालणाऱ्या या व्यवस्थेवरून एका उपकेंद्रातला ऑपरेटर शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या उपकेंद्राशी बोलतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाहिनीवर कुठे बिघाड झाला की एका टोकाचा रिले दुसऱ्या टोकाच्या ब्रेकरला ‘उघड’ असा इशारा डोळ्याची पापणी लवायच्या आत पाठवतो. डोंगरदऱ्यांतून गेलेल्या वाहिन्यांसाठी दुसरी कोणतीही तार परवडत नव्हती त्या काळात हे तंत्र फार उपयोगी पडले.

पीएलसीसी इतके भरवशाचे का ठरले, हे लक्षात घेतले की पुढची गोष्ट सोपी होते. उच्चदाब वाहिनी म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेली, फाटे नसलेली, दोन्ही बाजूंनी ट्रॅप लावून बंद केलेली तार. तिच्यावर कोणी मिक्सर लावत नाही. शिवाय तिच्यावरून न्यायचे ते काय? एक-दोन संभाषणे आणि काही इशारे.

घरापर्यंत येणारी लघुदाब वाहिनी हे अगदी वेगळे प्रकरण आहे. ११ केव्हीचा फीडर रोहित्रापाशी येतो, रोहित्र त्याचा दाब ४३३ व्होल्टवर उतरवते आणि तिथून निघालेल्या तारा खांबाखांबाला फाटे फोडत घराघरांत शिरतात. प्रत्येक फाट्यावर संदेशाचा काही भाग परत फिरतो. घरात शिरलेली प्रत्येक वायर कुठेतरी संपते, एखाद्या रिकाम्या प्लगवर किंवा बंद बटणावर, आणि तिथूनही संदेश उलटा येतो. एकाच संदेशाच्या अशा अनेक प्रती वेगवेगळ्या वेळी पोचून एकमेकींत मिसळतात. काही वारंवारतांवर त्या एकमेकींना पुरत्या पुसून टाकतात. कोणत्या वारंवारतांवर, हेही कायम नसते. कोणी फ्रिज लावला, कोणी गीझर बंद केला की तारेचे गुणधर्म बदलतात.

त्यात गोंगाटाची भर. मिक्सर, ड्रिल, शिलाई मशीन यांच्या मोटरींत कार्बन ब्रश असतात. फिरताना ते सतत सूक्ष्म ठिणग्या उडवतात आणि त्या ठिणग्यांचा कचरा सगळ्या वारंवारतांवर पसरतो. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिव्यांतले ड्रायव्हर, संगणकाचे पॉवर सप्लाय हे सगळे विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करून काम करतात, आणि स्वस्त मालात फिल्टरचे दोन-चार रुपये वाचवलेले असले की तो सगळा आवाज तारेवर येतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनात एकदा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा झटका देतो. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे : खांबावरचे सैल सांधे, गंजलेले जंपर आणि तारेवर टाकलेले आकडे. सैल सांध्यात उडणारी ठिणगी म्हणजे एक छोटे रेडिओ प्रक्षेपणकेंद्रच.

या गोंधळातून वाट काढण्याचे तंत्र १९९० च्या दशकात परिपक्व झाले. त्याला ओएफडीएम म्हणतात. सगळी माहिती एका वाहकलहरीवर न लादता ती शेकडो बारीक वाहकलहरींत वाटून द्यायची. होमप्लग एव्ही या २००५ च्या मानकात अशा ९१७ लहरी वापरता येतात. दोन्ही टोकांची यंत्रे तारेची सतत चाचपणी करतात आणि ऊसतोडीच्या टोळीत ज्याला जेवढी मोळी पेलते तेवढीच त्याच्या डोक्यावर चढवतात, तसा प्रत्येक लहरीवर तिला झेपेल तेवढाच भार देतात. जी लहर त्या क्षणी गोंगाटात बुडाली आहे तिला रिकामी सोडतात. वर चूक दुरुस्त करणारे संकेत असतातच. एडीएसएल, वाय-फाय आणि ४जी मोबाइलमध्येही हीच युक्ती आहे. वीजतारेसाठी ती खास शोधलेली नाही, पण तिच्याशिवाय वीजतारेवर ब्रॉडबँड शक्यच नव्हते.

पहिला मोठा गाजावाजा झाला तो इंग्लंडमध्ये. नॉर्वेब ही मँचेस्टर भागातील वीजकंपनी आणि कॅनडाची दूरसंचार कंपनी नॉर्टेल यांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये जाहीर केले की वीजतारेतून सेकंदाला १ मेगाबिट वेगाने इंटरनेट देता येते. तेव्हा घरोघरी टेलिफोनला जोडलेले मोडेम सेकंदाला ५६ किलोबिटच्या पुढे जात नव्हते, म्हणून ही बातमी जगभर पसरली. मँचेस्टरमध्ये एका प्राथमिक शाळेत आणि मोजक्या घरांत चाचणी झाली. पण दोन वर्षांतच, १९९९ मध्ये, दोन्ही कंपन्यांनी अंग काढून घेतले. व्यापारी गणित जमेना हे एक कारण. दुसरे कारण त्या वेळच्या बातम्यांत वारंवार आले, आणि ते पुढच्या सगळ्या इतिहासाला पुरून उरले : रस्त्यावरचे दिव्याचे खांब अँटेनासारखे वागत होते.

यात आश्चर्य काहीच नाही. २ मेगाहर्ट्झची तरंगलांबी १५० मीटर, ३० मेगाहर्ट्झची १० मीटर. दोन खांबांमधले अंतर, खांबाची उंची, इमारतीत चढलेली वायर ही सगळी मापे याच टापूतली. टेलिफोनच्या तारेत दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, त्यामुळे एकीतून बाहेर पडणारी लहर दुसरीच्या लहरीने जवळजवळ पुसली जाते. विजेच्या खांबावर फेज आणि न्यूट्रल हातभर अंतराने समांतर धावतात, आणि दोघांवरचा भारही सारखा नसतो. अशा तारेत २ ते ३० मेगाहर्ट्झचा संदेश सोडणे म्हणजे काही प्रमाणात तो हवेतच सोडणे.

आणि हा पट्टा रिकामा नाही. याला शॉर्टवेव्ह किंवा लघुलहरी म्हणतात. या लहरी वातावरणाच्या वरच्या आयनांच्या थरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात, म्हणून समुद्रापलीकडची विमाने, जहाजे, लष्करे, परदेशी प्रसारणे आणि हौशी रेडिओचालक, ज्यांना जगभर हॅम म्हणतात, ते सगळे याच पट्ट्यात असतात. हॅम मंडळी फार क्षीण संदेश ऐकतात. शेजारच्या तारेतून गुरगुर सुरू झाली की त्यांचा कारभारच आटोपतो. त्यांची तक्रार केवळ छंदापायी नव्हती. २००१ च्या भूज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात, टेलिफोन बंद पडले असताना, बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवण्यात हॅम चालकांचा मोठा वाटा होता.

अमेरिकेत हा वाद थेट न्यायालयात गेला. तिथल्या संघीय दूरसंचार आयोगाने १४ ऑक्टोबर २००४ रोजी वीजतारेवरील ब्रॉडबँडसाठी स्वतंत्र नियम मंजूर केले. (योगायोग असा की भारताचे पहिले ब्रॉडबँड धोरणही त्याच तारखेचे, त्यात सेकंदाला २५६ किलोबिटला ब्रॉडबँड मानले होते.) विमान वाहतुकीसारख्या काही वारंवारता पूर्ण वर्ज्य, तक्रार आली तर ठरावीक वारंवारता दुरूनच गाळता येण्याची सोय यंत्रात हवी, आणि कुठे-कुठे ही सेवा चालते त्याची सार्वजनिक नोंद हवी, असे ते नियम होते. अमेरिकेतील हॅम चालकांची संघटना एआरआरएल हिला ते अपुरे वाटले. तिने आयोगाला न्यायालयात खेचले. एप्रिल २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की आयोगाने स्वतःच्या तांत्रिक अभ्यासांतील काही भाग झाकून ठेवून जनतेकडून मते मागवणे बरोबर नव्हते, आणि तारेपासून दूर जाताना संदेश किती झपाट्याने क्षीण होतो याचा जो गुणांक आयोगाने धरला त्याचेही नीट समर्थन केलेले नाही. आयोगाने पुढे २०११ मध्ये बहुतांश नियम कायमच ठेवले, पण तोवर बाजारच ओसरला होता.

व्हर्जिनिया राज्यातील मनासस हे या लढाईचे नमुन्याचे गाव. तिथली वीज पालिकेच्या मालकीची, त्यामुळे परवानग्यांची कटकट नव्हती. २००५ मध्ये संपूर्ण शहरात वीजतारेवरून इंटरनेट देणारे ते अमेरिकेतील पहिले गाव ठरले आणि त्याचे भरपूर कौतुक झाले. गावातल्या हॅम चालकांनी तक्रारी सुरू केल्या. इंटरनेट पुरवणाऱ्या खासगी कंपनीने काही वर्षांनी काम सोडले, पालिकेने ते स्वतःकडे घेतले, आणि ग्राहक काही शेकड्यांवर उरलेले पाहून २०१० मध्ये सेवा बंद केली. डॅलसमध्ये करंट नावाच्या कंपनीने मोठे जाळे उभारले होते. तिच्यामागे गूगल आणि गोल्डमन सॅक्ससारखे गुंतवणूकदार होते. २००८ मध्ये तिथल्या ऑनकॉर या वीजकंपनीने ते जाळे ९ कोटी डॉलरना विकत घेतले, पण इंटरनेट विकण्यासाठी नव्हे, स्वतःच्या वाहिन्यांवर नजर ठेवण्यासाठी. ग्रामीण अलाबामा आणि आसपास सहकारी वीजसंस्थांबरोबर काम करणारी आयबेक ही कंपनी २०११ च्या टोर्नेडो वादळांत तिच्या जाळ्याची धूळधाण झाल्यावर सावरली नाही आणि २०१२ च्या सुरुवातीला बंद पडली. युरोपात याआधीच सीमेन्स आणि आरडब्ल्यूई या कंपन्यांनी काढता पाय घेतला होता.

रेडिओवाल्यांचा विरोध हे निम्मेच कारण. उरलेले निम्मे रोहित्रात आहे. उच्च वारंवारतेचा संदेश रोहित्राच्या वेटोळ्यांतून पार होत नाही, किंवा झालाच तर फार क्षीण होऊन. म्हणून ११ केव्हीच्या बाजूने आलेला संदेश रोहित्राला वळसा घालून घराच्या बाजूला उतरवणारे यंत्र खांबावर बसवावे लागते. अमेरिकेत घरांना १२० व्होल्टची वीज मिळते. इतक्या कमी दाबावर लांब तार नेली तर दाब फार पडतो, म्हणून तिथे खांबाखांबावर छोटी रोहित्रे असतात आणि एका रोहित्रावर पाच-दहाच घरे. म्हणजे दर पाच-दहा घरांमागे एक वळसायंत्र, वर दर काही अंतरावर संदेश ताजा करणारी यंत्रे. ‘तार फुकट आहे’ हे खरे असले तरी तारेच्या टोकाला जे लागते ते फुकट नव्हते. युरोपात आणि भारतात उलट परिस्थिती आहे. एका रोहित्रावर शेकड्याने घरे असू शकतात, म्हणून वळसायंत्राचा खर्च विभागला जातो. पण तेवढ्या सगळ्या घरांना एकाच तारेचा वेग वाटून घ्यावा लागतो. कोणीतरी सिनेमा पाहायला बसला की सगळ्या गल्लीचे इंटरनेट मंदावणार. दरम्यान केबल, डीएसएल आणि मग फायबर यांचे वेग दरवर्षी वाढत होते. मागाहून मोबाइलही आला. वीजतारेला गाठायचे लक्ष्यच सतत पुढे सरकत होते.

वीजकंपनीची खरी संपत्ती तांब्या-ॲल्युमिनियमच्या तारेत नसून मनोरे, खांब आणि जमिनीवरून जाण्याच्या हक्कात आहे, हे यातून उघड झाले. उच्चदाब मनोऱ्याच्या अगदी टोकावरून एक अर्थवायर जाते. वीज कोसळली तर ती स्वतःवर घेण्यासाठी. या वायरीच्या पोटात काचेचे तंतू घालता येतात. अशी वायर ओपीजीडब्ल्यू या नावाने ओळखली जाते. काचेला विद्युतचुंबकीय गोंगाटाची बाधा होत नाही आणि तिच्यातून काही गळतही नाही. पॉवरग्रिडने देशभर मनोऱ्यांवरून असे फायबर नेऊन दूरसंचार कंपन्यांना ते भाड्याने देण्याचा मोठा व्यवसाय उभा केला. महाराष्ट्रात महापारेषणच्या मनोऱ्यांवर असे जाळे उभारण्यासाठी खासगी भागीदारीतून स्वतंत्र कंपनी काढण्यात आली. आंध्र प्रदेशाने फायबर ग्रिड प्रकल्पात विजेच्या खांबांवरूनच फायबर ओढून गावोगाव नेले. उपकेंद्रांतले पीएलसीसीचे कामही आता क्रमाने याच फायबरकडे चालले आहे. तार आधीच आहे, या युक्तिवादापेक्षा खांब आधीच आहे, हा युक्तिवाद जास्त पैसे मिळवून देणारा निघाला.

घराच्या चार भिंतींत मात्र वीजतारेवरील ब्रॉडबँड बऱ्यापैकी टिकले. तिथे रोहित्राचा प्रश्न येत नाही आणि अंतरही थोडे. अमेरिकेत २००० साली स्थापन झालेल्या होमप्लग या संघटनेचे पहिले मानक २००१ चे, सेकंदाला १४ मेगाबिटचे. २००५ चे एव्ही मानक २०० मेगाबिटचे. २०१० मध्ये आयईईई १९०१ हे आंतरराष्ट्रीय मानकही आले. जपानने २००६ मध्ये हे तंत्र फक्त घराच्या आत वापरायला मुभा दिली. एक छोटा ॲडॉप्टर राउटरजवळच्या प्लगमध्ये आणि दुसरा वाय-फाय न पोचणाऱ्या खोलीत लावायचा, दोन्हीवरची बटणे दाबून त्यांची ओळख करून द्यायची, एवढेच काम. हे बटण दाबण्याचा कंटाळा करू नये. सगळ्या ॲडॉप्टरना कारखान्यातून एकच ठरलेला परवलीचा शब्द दिलेला असतो, आणि विजेची तार मीटरपाशी संपत नाही; तो शब्द बदलला नाही तर शेजारचा तसाच ॲडॉप्टर त्याच जाळ्यात येऊन बसू शकतो.

खोक्यावर छापलेला वेग मनावर घेण्यात अर्थ नाही. तो प्रयोगशाळेतला, दोन्ही दिशांचा मिळून आणि वरकड संकेतांसह मोजलेला असतो. हाती त्याचा थोडाच भाग लागतो. भारतीय घरात तो आणखी कमी होण्याची कारणेही ठरलेली आहेत. ॲडॉप्टर स्पाइक गार्ड असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात लावला तर त्यातला फिल्टर संदेशच गिळतो. तो भिंतीतल्या सॉकेटमध्येच थेट लावावा लागतो. त्याच सॉकेटजवळ मोबाइलचा स्वस्त चार्जर असेल तर तो आधी हलवावा. बंगल्यात तीन फेजचे कनेक्शन असेल आणि दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतील तर संदेश एका फेजवरून दुसऱ्यावर उडी मारून जातो, पण लंगडत. नव्या एव्ही-२ मानकातील जास्तीचा वेग फेज व न्यूट्रलबरोबर अर्थिंगची वायर वापरून मिळवलेला आहे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत जिथे अर्थिंग नावालाच असते, तिथे तो फायदा मिळत नाही. मोठ्या, जाड भिंतींच्या घरात हे ॲडॉप्टर आजही कामाचे आहेत. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये साधे वाय-फाय पुरते.

या तंत्राला सर्वांत मोठे गिऱ्हाईक मिळाले ते वीजमीटरच्या रूपात. मीटरला सिनेमा पाहायचा नसतो. दिवसभरात काही किलोबाइट पाठवले, वेळप्रसंगी वीज तोडण्या-जोडण्याचा हुकूम ऐकला की त्याचे काम झाले. त्यासाठी मेगाहर्ट्झचा पट्टा लागतच नाही. युरोपात १९९१ च्या मानकाने ३ ते १४८.५ किलोहर्ट्झचा पट्टा अशा कामांसाठी आखून दिला होता, त्यातला ९५ किलोहर्ट्झपर्यंतचा भाग वीजकंपन्यांसाठी. इतक्या खालच्या वारंवारतेवर तारेतून हवेत फारसे काही गळत नाही, म्हणून रेडिओवाल्यांशी भांडणही नाही. इटलीच्या एनेलने २००१ पासून काही वर्षांत सुमारे तीन कोटी घरांत असे मीटर बसवले. स्पेनमध्ये प्राइम आणि फ्रान्समध्ये जी-३ ही मानके घडली. फ्रान्सच्या लिंकी मीटरची मोहीम डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०२१ अखेर साडेतीन कोटींच्या जवळपास गेली. हा मीटर रोहित्रापाशी बसवलेल्या एका संग्राहक यंत्राशी वीजतारेतूनच बोलतो, आणि ते यंत्र मोबाइल जाळ्यावरून सगळी नोंद मुख्य केंद्राकडे पाठवते. या मीटरमधून घातक किरणे निघतात अशा भीतीपोटी अनेक फ्रेंच गावांनी विरोधाचे ठरावही केले, जरी तो मीटर वाय-फाय किंवा मोबाइलसारखा रेडिओ वापरतच नाही. चीनने मधला रस्ता काढला : ०.७ ते १२ मेगाहर्ट्झचा पट्टा, होमप्लगपेक्षा कमी वेग पण जास्त पल्ला. तिथे कोट्यवधी मीटर या तंत्रावर चालतात, आणि त्याच धर्तीवर २०१८ मध्ये आयईईईने आंतरराष्ट्रीय मानकही काढले.

भारतात जून २०२१ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या वितरण सुधारणा योजनेत २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरांचे लक्ष्य ठेवले आहे. पण इथले मीटर बहुतांशी मोबाइल सिमवर किंवा मीटरामीटरांत निरोप पुढे ढकलणाऱ्या रेडिओ जाळ्यावर बोलतात. ही निवड चुकीची म्हणता येणार नाही. वीजतारेच्या पद्धतीत प्रत्येक रोहित्रावर संग्राहक यंत्र लागते, आणि ते उन्हापावसात, चोरीपासून जपत चालू ठेवावे लागते. लघुदाब वाहिन्यांची अवस्था वर सांगितली तशी. मोबाइलचा डेटा मात्र भारतात स्वस्त आणि जवळपास सर्वत्र आहे. तळघरांतल्या आणि जाड भिंतींआडच्या मीटरखोल्यांत, जिथे मोबाइलची रेंज पोचत नाही, तिथे वीजतारेचा मार्ग आजही सरस ठरू शकतो. पण तेवढ्या मीटरांसाठी वेगळी यंत्रणा सांभाळण्याची तयारी वितरण कंपन्यांनी अजून दाखवलेली नाही.

शेवटचा मुक्काम विजेच्या मोटारीचा. वेगवान डीसी चार्जिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या सीसीएस-२ प्लगमध्ये मुख्य वीज नेणाऱ्या जाड पिनांबरोबर कंट्रोल पायलट नावाची एक बारीक पिन असते. तिच्यावर १ किलोहर्ट्झचा ठोका चालू असतो, आणि त्या ठोक्यावर स्वार होऊन होमप्लगचाच ग्रीन फाय हा साधा, सेकंदाला १० मेगाबिटपर्यंतचा अवतार मोटार आणि चार्जर यांच्यात संवाद घडवतो. बॅटरी किती भरली आहे, किती व्होल्ट आणि किती अँपिअर हवेत, कधी थांबायचे, हे सगळे त्यावरून ठरते. शेजारी-शेजारी दोन मोटारी लावलेल्या असल्या तर एकीचा संदेश दुसरीच्या केबलमध्येही गळतो. त्यामुळे जोडणी होताच मोटारीचा संदेश किती क्षीण होऊन आला ते प्रत्येक चार्जर मोजून तिला कळवतो, आणि ज्याच्याकडे तो सर्वांत ठळक पोचला त्याच चार्जरच्या केबलला आपण लावलेलो आहोत असे मोटार समजते. भारतात सुरुवातीला सरकारी पुढाकाराने आलेल्या भारत डीसी-००१ चार्जरमध्ये संवादासाठी मोटारींतलीच कॅन ही वेगळी पद्धत होती. त्यानंतरच्या बहुतेक मोटारींनी सीसीएस-२ घेतल्यामुळे महामार्गावरील वेगवान चार्जरना आता हाच संवाद वापरावा लागतो, आणि तो जुळला नाही तर चार्जिंग सुरूच होत नाही.